धनुष्याचा आवाज उतरवताना

संपादकांना मिशिगनच्या मोटारींवर लेख हवा होता, आणि तो मी लिहून दिला. पण डेट्रॉइटविषयी वाचताना फ्रेड बेअर हे नाव सारखं समोर येत राहिलं. पेनसिल्व्हेनियातून मोटारधंद्यात आलेल्या या तरुणाने 1927 साली आर्ट यंग या तिरंदाजाचा अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट पाहिला आणि तो धनुष्याच्या नादी लागला. 1933 मध्ये त्याने डेट्रॉइटमध्येच धंदा मांडला आणि 1947 मध्ये तो उत्तरेला ग्रेलिंगला हलवला. लाकडी गाभ्यावर फायबरग्लासचा थर चढवलेली रिकर्व्ह धनुष्यं त्याने अमेरिकाभर पोचवली. 1978 मध्ये कंपनी फ्लोरिडाला गेली. मी ग्रेलिंगच्या बाजूला गेलो तो मात्र एका छोट्या कार्यशाळेसाठी. तिथे एक वयस्कर कारागीर जुनी धनुष्यं दुरुस्त करतो आणि लोकांनी आणलेल्या धनुष्यांचा आवाज उतरवून देतो.

आपल्या पुराणांत धनुष्य गाजावं लागे. गांडीवाच्या टणत्काराने शत्रूची गाळण उडायची. इथे सगळं उलट आहे. मिशिगनमध्ये 1 ऑक्टोबरला धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. अशा धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण 50 मीटर जातो आणि आवाज 340 मीटर. हरीण 18 मीटरवर असेल तर आवाज त्याच्या कानी पडल्यावर बाण पोचायला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा उरतो. दचकलेलं हरीण उसळी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबतं. बाण वरून जातो, किंवा भलत्याच जागी रुततो आणि जखमी जनावर रानात दिसेनासं होतं. मला शिकार रुचत नाही. तरी जनावराचे हाल होऊ नयेत म्हणून चाललेली ही खटपट पाहून मला त्या माणसाबद्दल आदर वाटला.

मी गेलो तेव्हा एक तरुण 45 पाउंडांचं, म्हणजे ताणायला तेवढा जोर लागणारं, धनुष्य घेऊन आला होता. दोरीला बीव्हरच्या केसाळ कातड्याचे दोन गोंडे बांधलेले होते, तरी ते ठणठणत होतं. म्हाताऱ्याने पहिलं काम काय केलं, तर ते गोंडे कापून टाकले. ‘‘आधी दुखणं ऐकू दे,’’ म्हणाला.

ताणलेल्या पात्यांमध्ये साठलेली शक्ती बाणाने घेऊन जायची असते. तो जेवढी मागे ठेवतो तेवढी पात्यांत आणि दोरीत थरथरत राहते, आणि आपल्याला ऐकू येतो तो तिचाच आवाज. म्हणून बाणाशिवाय दोरी सोडली तर धनुष्य फुटूही शकतं. रिकर्व्हमध्ये आणखी एक भानगड असते. त्याची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असल्यामुळे दोरीचा शेवटचा भाग पात्यावर टेकलेला असतो. ताणताना तो सुटतो आणि बाण निघताना फटकन परत बसतो.

त्यावरचा इलाज मी अगदी जवळून पाहिला. चढवलेल्या धनुष्यात मुठीच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंतचं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, त्याने काटकोनी पट्टीने मोजलं. साडेसात इंच भरलं. दोरी उतरवली, एका टोकाचा फास सोडवून चार-पाच पीळ दिले, दोरी पुन्हा चढवली. फरक जेमतेम काही मिलिमीटरचा. एक बाण मारला. ठण्ण. पुन्हा उतरवली, पुन्हा पीळ. आठ इंचांच्या आसपास येताच तो आवाज बसका झाला, थप्प. आणखी पीळ दिल्यावर परत कर्कश झाला, तेव्हा त्याने दोन पीळ मागे घेतले. प्रत्येक धनुष्याची अशी एक जागा असते, आणि ती ऐकूनच सापडते.

मग बाणाची खाच. बाण दोरीला उलटा लटकवला, दोरीवर बोटाने टिचकी मारली. बाण पडला नाही. खाच घट्ट होती, सुटताना टक् करत होती. तीही त्याने सैल केली. टोकांच्या खोबणीत मऊ कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. गोंडे अगदी शेवटी बांधले, एक दोरीच्या चौथ्या हिश्शावर आणि दुसरा विरुद्ध टोकाकडून तिसऱ्या हिश्शावर. दोन्ही सारख्या अंतरावर बांधले तर दोरीची एखादी थरथर दोघांच्याही तावडीतून निसटते. तंबोऱ्याची जवारी लावताना दोऱ्याची नेमकी जागा शोधतात, तसंच हे काम. फक्त इथे नाद मारायचा असतो.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. त्या तरुणाचे बाण 350 ग्रेनचे, म्हणजे जेमतेम 23 ग्रॅमचे होते. म्हाताऱ्याचा हिशेब पाउंडाला दहा ग्रेन. जड बाण जास्त शक्ती घेऊन जातो, धनुष्य शांत होतं. म्हणून टोकाला जड फाळ लावायला जावं, तर बाण सुटताना जास्त वाकतो, धनुष्याच्या कडेला घासतो आणि नवाच खडखडाट सुरू होतो. म्हणजे जास्त ताठ काडी आली. जड बाण हळू जातो, लवकर खाली येतो, म्हणून नेमही नव्याने बसवायचा. गोंडे पावसात भिजले की जड होतात. मोठी पिसं बाणाला सरळ ठेवतात, पण हवेत सूं करत जातात. लहान लावली तर रुंद फाळाचा बाण भरकटतो. नव्या न ताणणाऱ्या धाग्याची दोरी वेगवान असते, पण टोकं मजबूत न केलेल्या जुन्या धनुष्याला ती सोसत नाही. तिथे डेक्रॉन धाग्याचीच बरी, आणि ती आवाजालाही मवाळ.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. धनुष्य धरणाऱ्याला जे ऐकू येतं ते हरणाला येतंच असं नाही, म्हणून पुढे बाजूला, झाडाच्या जाड बुंध्याआड कुणीतरी उभं राहून ऐकावं लागतं. ते काम म्हातारा अनेक वर्षं स्वतः करायचा. घासयंत्रांच्या सोबतीत त्याच्या कानांतले बारीक आवाज गेले आहेत. आता तो गिऱ्हाइकालाच बुंध्याआड उभं करतो, स्वतः बाण मारतो आणि मुठीतली थरथर तळव्यावर घेतो. तरुण म्हणाला, ‘‘आता काहीच ऐकू येत नाही.’’ म्हाताऱ्याने मान हलवली आणि त्याला आणखी सहा बाण ऐकायला लावले. चौथ्याला टक् आलं. बाण टेकतो त्या कट्ट्यावरचं चामडं एका कोपऱ्यात सुटलं होतं. ते चिकटवून त्याने ब्रेस हाइटचा आकडा कागदी पट्टीवर लिहून पात्याच्या आतल्या बाजूला लावला, 450 ग्रेनच्या बाणांची यादी दिली आणि ते बाण आल्यावर सगळं पुन्हा तपासायला यायला सांगितलं.