तिकीट काढून आलेला रसिक

१ मे १७६१ रोजी एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याने २९ वर्षांच्या योझेफ हायडनला नोकरीवर घेतलं. करारातल्या अटी आजही वाचायला मिळतात. उपसंगीतप्रमुखाने पांढरे मोजे घालून, केसांना पावडर लावून हजर राहायचं. दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात थांबून, आज वादन हवं आहे का, हे हुजुरांना विचारायचं. आणि रचलेलं संगीत परवानगीशिवाय बाहेर कोणाला द्यायचं नाही. यात कोणाला काही गैर वाटलं नाही, कारण युरोपातले बहुतेक कलावंत दरबाराचं नाहीतर चर्चचंच अन्न खात होते. अठराव्या शतकाने त्यांना तिसरा अन्नदाता दिला: खिशातून पैसे काढून देणारा अनोळखी माणूस. त्या शतकातल्या सगळ्या घडामोडींत ही सर्वांत मोलाची मानायला हवी.

पॅरिसमध्ये आधी नुसती दारं उघडली. लूव्रच्या चौकोनी दालनात १७३७ पासून अकादमीच्या चित्रकारांचं प्रदर्शन नियमित भरू लागलं. प्रवेश फुकट होता, त्यामुळे सरदारांच्या शेजारी उभे राहून कारागीर आणि नोकरचाकरही चित्रं बघत. सुतारकाम करणाऱ्याच्या घरात जन्मलेला शार्दँ तिथे तांब्याचा रांजण, पाव, जेवणाआधी प्रार्थना म्हणणारी मुलं अशी चित्रं मांडायचा. देवदेवता आणि लढाया यांनाच थोर विषय मानण्याच्या त्या काळात लेखक दिदरोने शार्दँची तोंड भरून स्तुती केली. १७५९ पासून त्याने या प्रदर्शनांवर लिहिलेले लेख हस्तलिखित पत्रिकेतून मोजक्या वर्गणीदारांकडे जात. युरोपातल्या कलासमीक्षेने तिथे मूळ धरलं.

पैशाचं गणित मात्र लंडनने जमवलं. विल्यम होगार्थने १७३२ मध्ये खेड्यातून शहरात आलेल्या एका मुलीच्या अधोगतीची सहा चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि त्यांचे छाप वर्गणीदारांना एका गिनीला विकले. कथा घरोघर पोचली, आणि पाठोपाठ नकलाही निघाल्या. छापखानेवाले बिनदिक्कत चित्रं चोरत होते. होगार्थ आणि त्याच्या सोबत्यांनी थेट पार्लमेंटकडे दाद मागितली. १७३५ च्या कायद्याने कोरीव चित्रांवर कलावंताला १४ वर्षांचा हक्क मिळाला. पुढची मालिका तयार असूनही कायदा लागू होईपर्यंत त्याने ती बाजारात आणली नाही. १७५१ मध्ये ‘जिन लेन’ हे चित्र त्याने एका शिलिंगाला विकलं. दारूच्या नशेत एका आईच्या हातून तान्हं मूल जिन्यावरून खाली पडतंय, आणि तिला भानच नाही. जिनच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा त्याच वर्षी झाला.

अशी मुलं लंडनच्या रस्त्यांवर खरोखरच मरत होती. टॉमस कोरम या निवृत्त जहाजकप्तानाने त्यांच्यासाठी १७ वर्षं उंबरठे झिजवले. १७३९ मध्ये राजाची सनद मिळाली आणि फाउंडलिंग हॉस्पिटल हे टाकलेल्या मुलांचं आश्रयगृह उभं राहिलं. जागा कमी आणि मुलं फार, म्हणून आयांना पिशवीत हात घालून गोळी काढावी लागे. पांढरी निघाली तर तपासणीनंतर मूल आत, लाल निघाली तर थांबायचं, काळी निघाली तर मूल घेऊन परत फिरायचं.

होगार्थ या संस्थेचा विश्वस्त होता. त्याने कोरमचं चित्र रंगवून दिलं आणि इतर चित्रकारांकडूनही चित्रं मिळवली. ती बघायला माणसं येऊ लागली, आणि आपलं काम लोकांपुढे मांडलं तर लोक येतात हे इंग्रज चित्रकारांना इथेच उमगलं. १७६० मध्ये त्यांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. १७६८ मध्ये रॉयल अकादमी स्थापन झाली. अकादमीने मात्र दारावर एक शिलिंग लावला, तोही नको ती माणसं आत येऊ नयेत हे कारण उघड सांगून. मजुराचा दिवसाचा रोज तेव्हा दोन शिलिंगांच्या आसपास होता. हा नवा रसिक म्हणजे मुख्यतः दुकानदार, वकील, व्यापारी असा मध्यमवर्ग होता, हे विसरून चालणार नाही.

चित्रांपाठोपाठ संगीतही तिथे आलं. संगीतकार हँडेलने हॉस्पिटलच्या चॅपलला ऑर्गन दिला आणि १ मे १७५० रोजी तिथे ‘मसाया’ सादर केला. जागेअभावी इतके लोक परत गेले की त्याच महिन्यात दुसरा प्रयोग करावा लागला. पुढे दरवर्षी हे प्रयोग होत राहिले आणि त्यांचं उत्पन्न मुलांसाठी जात राहिलं. हे संगीत पहिल्यांदा १७४२ मध्ये डब्लिनला झालं, तेव्हा बायकांनी घेरदार सांगाडे न घालता आणि पुरुषांनी तलवारी न लावता यावं, अशी विनंती करण्यात आली होती. तेवढीच आणखी माणसं मावावीत म्हणून.

त्या काळच्या गरिबांच्या अंगावर काय होतं, हेही याच संस्थेमुळे कळतं. मूल ठेवताना खूण म्हणून बाळाच्या बाहीचा किंवा आईच्या झग्याचा तुकडा नोंदीच्या कागदाला टाचला जाई. असे पाच हजारांहून अधिक तुकडे टिकले आहेत. त्यांत फुलापानांच्या छापील कापडाचे पुष्कळ आहेत. हिंदुस्थानी छिटांनी इंग्रज बायकांना एवढी भुरळ घातली होती की इंग्लंडमधल्या विणकरांच्या आरड्याओरड्यावरून १७२१ मध्ये छापील सुती कापडावर बंदी आली. १७३६ मध्ये लिननचा ताणा असलेल्या सुती कापडाला सूट मिळाली, आणि लंडनच्या मोलकरणींनी त्यावर छापलेल्या नकली छिटांवर हौस भागवली.

१७६७ मध्ये सारा बेंडर या आईने ठिगळं जोडलेल्या कापडावर भरलेलं हृदय मधोमध कापलं, अर्धं मुलाबरोबर ठेवलं, अर्धं जपून ठेवलं. १७७५ मध्ये ती तो तुकडा घेऊन आली आणि आपला मुलगा घेऊन गेली. असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आलं. १७५६ ते १७६० या काळात सरकारी पैशावर सरसकट प्रवेश दिला गेला, तेव्हा आलेल्या जवळपास १५ हजार मुलांपैकी बहुसंख्य दगावली.

ब्रन्सविक स्क्वेअरमध्ये आज फाउंडलिंग म्युझियम आहे. ब्रिटिश म्युझियमपासून ते पायी जाण्याइतकं जवळ आहे. लंडनला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी निदान एक दुपार त्यासाठी राखून ठेवावी आणि होगार्थने रंगवलेला कोरम जरूर बघावा.