आंबोलीचा जून, मालवणचा डिसेंबर

हिंगोली जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे भूगोलाच्या व्याख्येनुसार तो उष्णकटिबंधातच मोडतो. तरीही उष्णकटिबंधातील सहलींच्या जाहिरातींत हटकून दिसणारे घनदाट वर्षावन आणि रंगीत प्रवाळ कयाधूच्या खोऱ्यात शोधून सापडणार नाहीत. येथील वन्यजीवन म्हणजे पिकांत शिरणारे रोही व रानडुकरे आणि हिवाळ्यात येलदरी-सिद्धेश्वरच्या जलाशयांवर उतरणारे स्थलांतरित पक्षी. ज्या हिंगोलीकराला अरण्य आणि प्रवाळ दोन्ही पाहायचे आहेत, त्याला मात्र अंदमान गाठण्याची गरज नाही, कारण ही दोन्ही एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहेत: अरण्य आंबोलीला, प्रवाळ मालवणला.

नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात, त्यामुळे सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीत वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर हिंगोलीच्या वाट्याला जेमतेम ८०० ते ९०० मिलिमीटर येतो. पण वनाचा प्रकार केवळ पावसाच्या बेरजेवर ठरत नाही, कोरडा काळ किती लांबतो यावरही ठरतो. म्हणूनच वर्षभर पाऊस झेलणाऱ्या काँगोच्या अरण्याला शोभणारे ‘वर्षावन’ हे नाव आंबोलीला काटेकोरपणे लावता येत नाही आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तिच्या वनाला निमसदाहरित, म्हणजे काही वृक्ष पाने गाळणारे व बरेचसे हिरवेच राहणारे, असे म्हणतात.

या वनाचे खरे वैभव मोठ्या जनावरांत नाही, बेडकांत आहे. २००९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला आंबोली टोड हा अंगावर वाघासारखे पट्टे असणारा छोटा भेक जांभ्या दगडाच्या सड्यांवर, पहिल्या पावसाने साचलेल्या उथळ डबक्यांत अंडी घालतो आणि ती डबकी आटण्याआधी पिलांची वाढ पुरी व्हावी लागते. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे बांधतो, ज्यातून बाहेर पडणारी पिले थेट खालच्या पाण्यात पडतात. हे सारे नाट्य जून-जुलैत, तेही रात्री विजेरीच्या उजेडात पाहायचे असते, आणि मे महिन्यात आंबोलीला जाणाऱ्याच्या हाती थंड हवेपलीकडे फारसे काही लागत नाही.

मालवणचे गणित नेमके उलट आहे. प्रवाळ म्हणजे चुन्याचा सांगाडा रचणारे सूक्ष्म प्राणी. त्यांच्या शरीरात राहणारी शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा वाटा यजमानाला मिळतो, त्यामुळे पाणी स्वच्छ असणे ही प्रवाळाची जीवनावश्यक गरज ठरते. समुद्र प्रमाणाबाहेर तापला की ही शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. यालाच विरंजन म्हणतात. पावसाळ्यात गाळाने समुद्र गढूळ होतो, शिवाय तो खवळलेला असल्याने जलक्रीडा बंद ठेवल्या जातात.

१९८७ मध्ये घोषित झालेल्या २९.१२ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर हे प्रवाळ तुकड्यातुकड्यांनी आढळते. लक्षद्वीपसारख्या लांबच लांब भिंतींची अपेक्षा ठेवून येणाऱ्याचा विरस होतो, पण नळीतून श्वास घेत पृष्ठभागावर तरंगणाऱ्या नवशिक्यालाही ते दिसते, हे त्याचे मोल कमी नाही. त्यावर पाय टेकवणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण मोडलेला सांगाडा भरून यायला वर्षे लागतात.

बेडूक आणि प्रवाळ एका फेरीत मिळत नाहीत, ते यामुळे. आणि शेतकरी कुटुंबापुढे त्याहून अवघड प्रश्न उभा राहतो, कारण आंबोलीतील बेडकांचा हंगाम हाच हिंगोलीत सोयाबीनच्या पेरणीचा हंगाम असतो. दिवाळीच्या सुमारास वन हिरवे असते व पाणी निवळू लागते, परंतु तेव्हा सोयाबीनची मळणी चालू असते. सोयाबीन घरात येऊन वसमतकडच्या शिवारात हळदीची काढणी सुरू होण्यापूर्वीचा डिसेंबर-जानेवारीचा काळ तेवढा मोकळा सापडतो, आणि त्याच दिवसांत मालवणचे पाणीही चांगले स्वच्छ असते.