छपरे उडतात ती का?

मृग लागण्यापूर्वी घरांची शाकारणी करावयाची, फुटकी कौले बदलावयाची, वासे-रिपा ठोकून पाहावयाच्या, ही आपल्या गावांतील जुनी शिस्त. बाजार, गोदामे आणि शाळांची सभागृहे यांवर पत्रे आले आणि ती शिस्त सुटली. पत्र्याच्या छपरास निगा लागत नाही, हा समज आम्हांस घातक वाटतो.

पत्र्यांना खालून तोलणाऱ्या आडव्या पोलादी पट्ट्यांना पर्लिन म्हणतात. साधारणतः दीड ते तीन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा न तापविता दुमडून त्यांना सी किंवा झेड या अक्षरांचा आकार देतात. त्या हलक्या व स्वस्त असतात. परंतु त्यांचे बळ पोलादाइतकेच आकारातही असते. भार वाढला की पोलाद तुटण्यापूर्वीच पातळ भिंत लाटेसारखी फुगते, कड दुमडते किंवा सबंध पट्टी पिळवटून कुशीवर कलते. कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी या गोष्टींचा अभ्यास केला आणि १९४६ मध्ये अमेरिकेत त्यांचे नियम झाले. आपल्याकडेही भारतीय मानक ८०१ ची १९७५ ची आवृत्ती आहे. तेव्हा ज्ञानाची वाण नाही.

वाण आहे ती वाऱ्याच्या विचाराची. छप्पर कोसळेल ही भीती सर्वांस असते. वादळात मात्र वारा ते वर ओढतो. भारतीय मानकाने पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ३९ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो होतो. पत्रे व पर्लिन यांचे वजन त्यापुढे किरकोळ. एरवी दोन आधारांच्या मध्ये पर्लिनची वरची कड दाबली जाते आणि तिला पत्र्याचा आधार असतो. वारा वर ओढू लागला की दाब खालच्या मोकळ्या कडेवर येतो. तिला आवरणाऱ्या सळया काटकसरीपायी गाळल्या असतील, तर पर्लिनने पिळवटावे यात नवल ते काय?

त्यात आपली खारी हवा. वेल्डिंगने जस्ताचा थर जळाला की तेथे गंज शिरतो. भिंतीची फुगण्यास विरोध करण्याची शक्ती जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणजे जाडी चौथाईने घटली तर ती शंभरावरून छप्पन्नावर येते. वरून रंग दिला म्हणून गेलेली जाडी परत येत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, त्याचा धडा विसरण्याजोगा नाही. पत्र्याच्या प्रत्येक सार्वजनिक छपरासाठी वाऱ्याच्या ओढीचा हिशेब अभियंत्याच्या सहीने मागावा आणि शाळा व बाजार यांच्या छपरांची तपासणी दरवर्षी मृगापूर्वी व्हावी, एवढीच आमची पंचायतींकडे व नगरपालिकांकडे मागणी आहे. चार सळयांच्या बचतीसाठी मुलांच्या डोक्यावरील छप्पर पणास लावण्याचा अधिकार कोणासही नाही.