'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट': मनोरुग्णालयातलं ते बंड नेमकं कुणाचं होतं?

एका कागदावर सही केली की घरी जाता येईल, हे माहीत असूनही एक तरुण मनोरुग्णालयातच राहतो. त्याला कुणी डांबून ठेवलेलं नाही. मग तो जात का नाही?

केन केसी यांच्या 'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट' या कादंबरीच्या मधोमध हा प्रश्न येतो आणि तिथून पुढे सगळी गोष्टच बदलते. १९६२ साली आलेली ही कादंबरी अमेरिकेत अनेक कॉलेजांमध्ये अभ्यासाला असते. १९७५ साली तिच्यावर आलेला सिनेमा तर जगभर गाजला. जॅक निकल्सनचे त्यातले प्रसंग आजही मोबाईलवर फिरताना दिसतात. पण ज्यांनी फक्त सिनेमा पाहिलाय, त्यांच्यापर्यंत या गोष्टीचा एक मोठा भाग पोहोचलेलाच नाही.

(पुढे कथानकाचा शेवटही येतो, एवढं आधीच सांगितलेलं बरं.)

लेखक स्वतःच तिथे रात्रपाळी करायचा

केन केसी अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात वाढले आणि लेखन शिकायला कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. तिथून जवळच मेन्लो पार्क इथे माजी सैनिकांसाठीचं सरकारी हॉस्पिटल होतं. त्या हॉस्पिटलमध्ये एलएसडीसारख्या द्रव्यांचे माणसांवर प्रयोग चालले होते आणि केसी पैसे घेऊन त्यात सहभागी झाले. या प्रयोगांमागे अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचा पैसा होता, हे बऱ्याच वर्षांनी उघड झालं.

पुढे केसी यांनी त्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात मदतनीस म्हणून रात्रपाळी केली. रुग्णांशी गप्पा मारता मारता त्यांच्या मनात एक शंका घर करून बसली. ही माणसं खरंच वेडी आहेत, की समाजाने ठरवून दिलेल्या साच्यात बसत नाहीत म्हणून इथे आहेत?

तो काळही असाच प्रश्न विचारत होता. १९५५ च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांमध्ये साडेपाच लाखांहून जास्त रुग्ण होते. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांचं 'असायलम्स' हे पुस्तक १९६१ साली आलं. माणसाचा पूर्ण दिवस ताब्यात घेणाऱ्या संस्था त्याची ओळख कशी पुसून टाकतात, हे त्यात मांडलं होतं. केसी यांनी पुढच्याच वर्षी हेच गोष्टीतून दाखवलं.

गोष्ट थोडक्यात

रँडल मॅकमर्फी हा जुगारी, भांडखोर, मोठ्याने हसणारा कैदी. सक्तमजुरीच्या शेतावर राबायचा कंटाळा आला म्हणून तो वेड्याचं सोंग घेतो आणि ओरेगॉनमधल्या एका मनोरुग्णालयात येऊन पडतो. तिथे राज्य आहे नर्स रॅचेडचं. ती सहसा आवाज चढवत नाही. वेळापत्रक, औषधं आणि 'गटचर्चा' ही तिची हत्यारं. चर्चेच्या नावाखाली रुग्ण एकमेकांची दुखणी उकरतात आणि ती सगळं टिपून ठेवते.

मॅकमर्फी हे मोडायला लागतो. पत्त्यांचे डाव मांडतो, सगळ्यांना समुद्रावर मासेमारीला घेऊन जातो. बेसबॉलचे सामने टीव्हीवर बघू द्यावेत म्हणून मतदान घ्यायला लावतो. चाळीस रुग्णांपैकी वीस हात वर होतात, बहुमताला एक कमी पडतो. तेवढ्यात कोपऱ्यातून एकविसावा हात वर येतो. नर्स म्हणते, सभा संपली. ती टीव्ही बंद करते, तर सगळे काळ्या पडद्यासमोर बसून राहतात.

'तो' एकविसावा हात

हा हात चीफ ब्रॉम्डेनचा. साडेसहा फुटांहून उंच, आदिवासी बापाचा आणि गोऱ्या आईचा मुलगा. कित्येक वर्षं तो इथेच आहे आणि सगळ्यांना वाटतं की तो बहिरा-मुका आहे. त्यामुळे डॉक्टर-नर्स त्याच्यासमोर बिनधास्त बोलतात आणि हा झाडू मारत सगळं ऐकतो.

कादंबरी मॅकमर्फी सांगत नाही, हा चीफ सांगतो. आणि इथेच वाचकाची खरी परीक्षा सुरू होते, कारण चीफला भ्रम होतात. भिंतींमधून यंत्रं गुणगुणताना त्याला ऐकू येतात. वॉर्डात कुणीतरी मुद्दाम धुकं सोडतंय असं त्याला वाटतं. सगळा समाज 'कंबाईन' नावाच्या एका अजस्र यंत्राने चालवलाय, असं तो मानतो. कंबाईन म्हणजे शेतात कापणी-मळणी करणारं यंत्र. माणसांना एकाच मापात कापायचं त्याचं काम, आणि हे हॉस्पिटल म्हणजे त्याचं दुरुस्तीचं गॅरेज.

हे सगळं वेडच म्हणायचं का? चीफच्या बापाची जमात कोलंबिया नदीवर पिढ्यानपिढ्या मासे धरत होती. सरकारने तिथे धरण बांधलं, नदीवरची त्यांची जागा गेली आणि बाप दारूत बुडाला. हा भाग हवेतून आलेला नाही. १९५७ साली कोलंबिया नदीवरच्या डॅलेस धरणाने सेलिलो धबधबा आणि तिथलं आदिवासींचं प्राचीन मासेमारीचं ठिकाण खरोखरच बुडवलं. म्हणजे चीफला दिसणारं यंत्र हा भ्रम असला, तरी त्या यंत्राने केलेलं नुकसान खरं आहे. 

कुलूप बाहेर की आत?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मॅकमर्फीला आधी कळतं की त्याची सुटका शिक्षेची मुदत संपल्यावर आपोआप होणार नाही, ती नर्सच्या मर्जीवर आहे. तो घाबरून गप्प बसतो. त्याच्या भरवशावर उभा राहिलेला चेस्विक नावाचा रुग्ण एकटा पडतो आणि पोहण्याच्या तलावात बुडून मरतो.

त्यानंतर मॅकमर्फीला दुसरा धक्का बसतो. बरे होण्यासारखे म्हणून गणले जाणारे बहुतेक रुग्ण इथे स्वतःच्या मर्जीने आलेले असतात. अडखळत बोलणारा तरुण बिली बिबिट रडत सांगतो, की हिंमत असती तर तो आजच निघून गेला असता. बाहेरच्या जगात लोक हसतील ही भीती त्याला दारापेक्षा मोठी वाटते.

यानंतर मॅकमर्फी पुन्हा उभा राहतो, पण आता हिशेब बदललेला असतो. सुरुवातीला तो स्वतःच्या मजेसाठी लढत होता. आता मागे हटला तर बाकीचे कोसळतील, हे त्याला कळलेलं असतं. नर्स 'आईला सांगेन' म्हणते आणि बिली जीव देतो. मॅकमर्फी नर्सवर धावून जातो. शिक्षा म्हणून त्याच्या मेंदूवर लोबोटॉमीची शस्त्रक्रिया होते आणि उरतं ते नुसतं श्वास घेणारं शरीर. चीफ त्याला उशीने गुदमरवून त्यातून सोडवतो, एक अवजड यंत्र उचलून खिडकीवर फेकतो आणि निसटतो.

शेवटी कोण बोलतंय हे पाहण्यासारखं आहे. हल्ल्यानंतर नर्सचा आवाज गेलेला असतो, ती कागदावर लिहून हुकूम देते. आणि मुका समजला गेलेला चीफ पूर्ण गोष्ट सांगून मोकळा होतो. मर्जीने आलेले बरेच रुग्णही एकेक करून घरी निघून जातात. जीव मॅकमर्फीचा गेला, पण बंड या सगळ्यांचं झालं.

सिनेमाने काय मिळवलं, काय गाळलं?

मिलोश फॉरमन यांचा सिनेमा ओरेगॉनच्या सेलम शहरातल्या खऱ्या मनोरुग्णालयात चित्रित झाला. तिथले प्रमुख डॉक्टर डीन ब्रुक्स यांनीच त्यात डॉक्टरची भूमिका केली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा हे पाचही मुख्य ऑस्कर त्याला मिळाले. पण चीफचं निवेदन गेलं आणि गोष्ट मॅकमर्फीची झाली. केसी यांचं निर्मात्यांशी बिनसण्याचं हेही एक कारण होतं.

भारतातही ही गोष्ट फिरून आली. प्रियदर्शन यांचा मल्याळम 'तालवट्टम' (१९८६) तिच्यावरून सुचलेला, आणि त्याचाच हिंदी अवतार म्हणजे सलमान खानचा 'क्योंकी' (२००५).

आज वाचताना खटकतं ते

कादंबरीतल्या बायका एकतर पुरुषाला खच्ची करणाऱ्या आहेत किंवा त्याचं मन रमवणाऱ्या वेश्या. काळ्या मदतनीसांचं चित्रणही द्वेषाने भरलेलं आहे. आणि ज्या मॅकमर्फीला आपण डोक्यावर घेतो, त्याच्यावर अल्पवयीन मुलीशी संबंध ठेवल्याचा आरोप झालेला आहे, जो तो हसण्यावारी नेतो. व्यवस्थेविरुद्ध लढणारा माणूस सगळ्याच बाबतीत बरोबर असतो का, हा प्रश्न वर्गात हमखास निघतो आणि निघायलाच हवा.

म्हणून उपचारांनाच घाबरायचं का?

इथे गल्लत होते. 'शॉक ट्रीटमेंट' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर याच सिनेमातला प्रसंग येतो. तिथे शुद्धीवरच्या माणसाला, शिक्षा म्हणून शॉक दिला जातो. आज ईसीटी भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात, आणि तीव्र नैराश्यात ती प्रभावी ठरते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल न देता ईसीटी करण्यावर बंदी घातली आहे, रुग्णाला साखळीने बांधण्यावरही. लोबोटॉमी तर जवळपास इतिहासजमा झाली आहे. तिच्या जनकाला, पोर्तुगालच्या एगाश मोनिश यांना, १९४९ साली नोबेल मिळालं होतं, हे आज वाचून दचकायला होतं.

त्यामुळे मन आजारी असताना डॉक्टरकडे जायचं टाळण्यासाठी ही कादंबरी हे कारण होऊ शकत नाही. तिचा सवाल उपचारांमागच्या सत्तेला आहे. रुग्णाला विचारलं जातंय का, 'नको' म्हणायची मुभा आहे का, आणि औषध बरं करण्यासाठी दिलंय की गप्प बसवण्यासाठी?

आणि ते नाव?

ककू हा आपल्या कोकिळेच्या कुळातला पक्षी. अमेरिकेच्या बोलीभाषेत 'ककू' म्हणजे डोकं फिरलेला आणि 'ककूज नेस्ट' म्हणजे वेड्यांचं इस्पितळ. चीफची आजी लहानपणी बोटं मोजत खेळवताना जे बडबडगीत म्हणायची, त्यातून हे नाव आलंय. घरट्यावरून उडून जाणारा 'तो एक' कोण, हे पहिल्यांदा वाचताना मॅकमर्फी वाटतो. शेवटच्या पानावर मात्र खिडकीबाहेर पडून चांदण्यात धावत सुटलेला असतो चीफ ब्रॉम्डेन.