घरच्या घरीं गोल्फचा फटका

गोल्फचें नांव काढतांच "हा श्रीमंतांचा आणि रिकामटेकड्यांचा खेळ" असें म्हणणारे पालक आम्हांस वारंवार भेटतात. त्यांचें म्हणणें सर्वस्वी खोटें नाहीं. मैदान विस्तीर्ण लागतें आणि सामानही महाग असतें. परंतु १९९१ सालीं इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारे अली शेर आणि २००९ सालीं तीच जिंकणारे चिन्नस्वामी मुनियप्पा हे दोघेही दुसऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या खांद्यावर वाहतां वाहतां या खेळाजवळ आले. त्यांच्याही अगोदर, १९६५ सालीं, ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय पी. जी. सेठी हे तर हौशी खेळाडू होते. तेव्हां हौसेनें खेळणाऱ्यास येथें जागा नाहीं, असें मानण्याचें कारण नाहीं.

आम्हीही असेच हौशी. वयाची चाळिशी उलटल्यावर एका सेवानिवृत्त लष्करी स्नेह्यांनीं आम्हांस आपली सात नंबरची जुनी लोखंडी काठी भेट दिली. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तींत आमचें घर. खोल्या लहान, माळा ठेंगणा. पहिल्याच संध्याकाळीं आम्हीं ती काठी खोलींत फिरविली आणि डोक्यावरची ट्यूबलाइट फोडली. घरांतील मंडळी अद्याप तिची आठवण देतात. परंतु ती हानि क्षुल्लक होती. खरी हानि पुढें झाली. सहा महिने, कोणा जाणत्यास न विचारतां, आम्हीं रोज रात्रीं अंगणांत ती काठी चुकीची धरून शेंकडों वेळां फिरविली. पुढें एका माहितगारानें चूक दाखविली, तेव्हां ती सोडवावयास आम्हांस दीड वर्ष लागलें.

असें कां व्हावें? कसलेल्या खेळाडूची काठी वरून चेंडूपर्यंत येण्यास सुमारें पाव सेकंद लागतो. डोळ्यांनीं कांहीं पाहून हातानें त्यास उत्तर देण्यासच माणसास जवळजवळ एक पंचमांश सेकंद लागतो. काठीचा चेंडूस होणारा स्पर्श तर सेकंदाच्या सुमारें दोन हजाराव्या भागापुरता. म्हणजे फटका चालूं असतां बुद्धीस मध्यें पडण्यास अवकाशच नाहीं. शरीरास अगोदर जें शिकविलें असेल तेंच त्या क्षणीं बाहेर येतें. आणि शरीर बापडें बरें-वाईट पारखीत नाहीं, वारंवार जें कराल तेंच पक्कें करतें. मैदानावर वांकडा गेलेला चेंडू निदान चूक सांगतो. घरीं तें सांगणारें कोणीच नसतें, म्हणून घरचा अभ्यास जितका उपयोगी तितकाच घातक.

प्रथम पकड. उजव्या हातानें खेळणाऱ्याचा डावा हात वर आणि उजवा त्याखालीं असतो. काठी तळहातांत न दाबतां बोटांत धरावयाची. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताची तर्जनी व मधलें बोट यांमधील खांचेवर टेकवावी, म्हणजे दोन्ही हात एकजीव होतात. सहा वेळां ब्रिटिश ओपन जिंकणारे हॅरी व्हार्डन यांनीं ही रीत रूढ केली. तिला त्यांचेंच नांव आहे. आमची चूक होती ती येथेंच. आम्ही काठी तळहातांत घेऊन, चोराची मानगूट धरावी तशी, आवळून धरीत होतों. अशानें मनगटें ताठरतात. हातांत पिकलेलें सीताफळ आहे अशी कल्पना करावी. तें पडूंही नये आणि फुटूंही नये.

नंतर उभें राहणें. पाय खांद्यांइतके फांकलेले, गुडघे किंचित् सैल, आणि पाठीस पोक न काढतां मांड्यांच्या सांध्यांतून वांकावें. येथें काठीची गरजच नाहीं. भिंतीसमोर असे उभे राहून कपाळ भिंतीस हलकेंच टेकवावें, हात छातीवर घडी करून ठेवावे, आणि खांदे प्रथम उजवीकडे व मग डावीकडे वळवावे. कपाळ भिंतीवर घसरलें, कीं आपण वळलों नाहीं, सरकलों. ज्यांनीं आजीच्या घरीं जातें पाहिलें असेल त्यांस हें चटकन् उमगेल. वरची तळी गरगर फिरते, परंतु मधला खुंटा जागचा हलत नाहीं. पाठीचा कणा हा आपला खुंटा होय.

आतां काठी फिरविणें. ॲलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्ज यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत या क्रियेस एकमेकांस जोडलेल्या दोन दांड्यांची उपमा दिली आहे. एक दांडी हात, दुसरी काठी, आणि मध्यें मनगटाची बिजागरी. आपल्याकडील शेतकऱ्याचा आसूड असाच चालतो. मूठ थोडीच हलते, वेग टोंकास येतो. म्हणून खालीं येतांना आरंभ हातानें करूं नये. भार डाव्या पायावर जावा, मग कंबर वळावी, मग खांदे, मग हात. काठीचें टोंक सर्वांत शेवटीं. वर नेण्यास जो वेळ लागतो तो चांगल्या खेळाडूंत खालीं आणण्याच्या सुमारें तिप्पट असतो. आम्ही मनांत "एक, दोन, तीन" म्हणत काठी वर नेतों व "चार" म्हणतां खालीं आणतों. सावकाश असे वीस फटके पुरेत. दमल्यावर केलेला एकविसावा फटका बहुधा जुनी चूक परत आणतो.

खोलींत चेंडू मात्र मारूं नये. त्याचें वजन फार तर ४५.९३ ग्रॅम, पण तो दगडासारखा कठीण. मोज्यांचा बोळा बरा. अपवाद एकच, चेंडू जमिनीवरून हळूच घरंगळविण्याचा. अठरा भोकांच्या ७२ फटक्यांच्या हिशेबांत असले फटके दर भोंकास दोन, म्हणजे एकंदर ३६ धरलेले असतात. अर्धा खेळ असा सतरंजीवर शिकतां येतो! भोंकाचा व्यास १०८ मिलिमीटर. तेवढ्या तोंडाची वाटी आडवी ठेवली कीं काम भागतें.

आमच्या पडवीच्या भिंतीवर आतां कपाळाएवढा एक तेलकट डाग पडला आहे. दिवाळीच्या रंगकामांत तो दर वर्षीं पुसला जातो, आणि नाताळापर्यंत त्याच जागीं पुन्हां उमटतो.