द्रव आणि प्रकाश यांचा संगम : परिवर्तनक्षम प्रकाशसाधनांची नवी दिशा

प्रस्तावना :
प्रकाशशास्त्राचे अध्यापन करताना आपण सामान्यतः घन साधनांचाच विचार करतो. भिंग, लोलक, आरसा, प्रकाशतंतू ही सर्व साधने एकदा घडविली की त्यांचे गुणधर्म जवळजवळ कायमचे ठरून जातात. परंतु प्रकाशाला वळण लावण्याचे सामर्थ्य घन पदार्थांइतकेच द्रवातही आहे. जिनिव्हा येथील भौतिकशास्त्रज्ञ कोलाडॉन यांनी पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश नेण्याचा प्रयोग १८४२ साली प्रसिद्ध केला होता. आज प्रकाशतंतूंचे पूर्वरूप म्हणून त्याचा उल्लेख होतो. सूक्ष्म वाहिन्यांतील द्रवप्रवाह आणि प्रकाशशास्त्र यांची सांगड घालणारी 'ऑप्टोफ्लुइडिक्स' ही ज्ञानशाखा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आकारास आली. साल्टिस, क्वेक व यांग यांनी २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखामुळे तिच्याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. या शाखेची मूलतत्त्वे व मर्यादा यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

द्रवच कशासाठी?
एखादे प्रकाशसाधन परिवर्तनक्षम करावयाचे म्हणजे मुख्यतः त्यातील माध्यमाचा अपवर्तनांक बदलावयाचा. घन पदार्थात हे कठीण असते. सिलिकॉनचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविल्यास त्याचा अपवर्तनांक सुमारे ०.०००१८ इतकाच वाढतो. याउलट एखाद्या वाहिनीतील पाणी (अपवर्तनांक सु. १.३३५) काढून तेथे कॅल्शियम क्लोराइडचे संहत द्रावण (सु. १.४४५) सोडले, तर ०.११ इतका फरक पडतो. याच दराने तापवून एवढा फरक साधावयाचा झाल्यास सिलिकॉनचे तापमान सहाशे अंशांहून अधिक वाढवावे लागेल. द्रवाचे महत्त्व या एका तुलनेवरून स्पष्ट व्हावे.

दुसरे कारण पृष्ठभागासंबंधी आहे. काच कितीही घासली तरी तिच्यावर सूक्ष्म ओरखडे राहतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरतो. दोन द्रवांमधील सीमा मात्र निसर्गतःच गुळगुळीत असते.

द्रवांनी बनलेला प्रकाशवाहक :
हार्वर्ड विद्यापीठातील व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००४ मध्ये याचे सुंदर उदाहरण सादर केले. एका सूक्ष्म वाहिनीत मधोमध कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण व दोन्ही बाजूंनी पाणी असे प्रवाह शेजारी शेजारी वाहविण्यात आले. मधल्या द्रावणाचा अपवर्तनांक अधिक असल्याने ६७.५ अंशांच्या क्रांतिक कोनापेक्षा अधिक कोनात सीमेवर येणारा प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने आतच राहतो. बाजूच्या प्रवाहांचे वेग बदलले की मधला प्रवाह सरकतो आणि त्याबरोबर प्रकाशाचा मार्गही बदलतो.

हे द्रव एकमेकांत लगेच मिसळत का नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. १०० मायक्रोमीटर रुंदीच्या वाहिनीत पाणी सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने वाहत असेल, तर रेनॉल्ड्स अंक केवळ ०.१ येतो. तो काही पटींनी वाढला तरी प्रवाह स्तरीयच राहतो, भोवरे निर्माण होत नाहीत आणि मिश्रण केवळ विसरणाने होते. लहान आयनांना १० मायक्रोमीटर पसरण्यास सुमारे ०.०५ सेकंद लागतो. त्यामुळे प्रवाह पुरेसा वेगवान ठेवला तर सीमा स्पष्ट राहते. मंदावला तर ती पुसट होते.

अब्जांश पातळीवर :
प्रकाशीय स्फटिक म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुल्य अंतरावर नियमित छिद्रे असलेली रचना. अशा रचनेतून विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश जाऊ शकत नाही. छिद्रांत द्रव भरला की ही निषिद्ध तरंगलांबी सरकते. एरिक्सन, साल्टिस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा स्फटिकातील छिद्रांच्या एकाच निवडक ओळीत द्रव भरण्याचे तंत्र मांडले. एकच चकती निरनिराळ्या कार्यांसाठी वापरण्याची शक्यता यामुळे निर्माण झाली.

तथापि येथेच खरी अडचण उद्भवते. नलिकेची त्रिज्या दहापटीने कमी झाली की, दाब तोच असता, प्रवाह दहा हजारपटीने घटतो. शिवाय १०० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात पाण्याच्या पृष्ठताणामुळे सुमारे १४ वातावरणांइतका दाब निर्माण होऊ शकतो. छिद्र आपोआप भरते खरे, पण ते रिकामे करणे दुष्कर होते. बुडबुडे आणि बाष्पीभवन यांचा त्रास वेगळाच. म्हणून दूरसंचारासाठी लागणाऱ्या अतिशीघ्र स्विचांच्या बाबतीत द्रव हे विद्युत-प्रकाशीय साधनांशी स्पर्धा करू शकत नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

ज्या ठिकाणी वेगापेक्षा बदलाची व्याप्ती महत्त्वाची, तेथे मात्र द्रवांचे स्थान पक्के आहे. तेल व क्षारयुक्त पाणी यांच्यामधील सीमेची वक्रता विद्युतदाबाने बदलणारी द्रवभिंगे औद्योगिक कॅमेऱ्यांत व बारकोड वाचकांत वापरली जातात. लिपमन यांनी १८७५ मध्ये अभ्यासलेल्या विद्युत-केशिकत्वाचीच ही फलश्रुती होय. रोगनिदानात तर तपासावयाचा नमुनाच द्रवरूप असतो. तो वाहतो त्याच वाहिनीत प्रकाशाने त्याचे परीक्षण करता येते.

समारोप :
या शाखेस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तिन्हींची गरज आहे. महाविद्यालयांतील विभागांच्या भिंती मात्र अद्याप घन आहेत. सुरुवात करण्यास महाग उपकरणे लागतात असेही नाही. काचेच्या टाकीत तळाशी साखरेचे संहत द्रावण व त्यावर हलक्या हाताने पाणी ओतून एक दिवस स्थिर ठेवावे. त्यातून आडवा सोडलेला लेझर किरण खाली वाकलेला दिसतो. पुढील दिवसांत विसरण वाढत जाते, तसतसे हे वळण कमी होते. द्रव प्रकाशाला वळवितो आणि काळ त्या द्रवाची रचना पुसून टाकतो, ही दोन्ही तत्त्वे विद्यार्थ्यांना एकाच टाकीत पाहावयास मिळतात. या शाखेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा याहून अधिक नाही.