सशाची नखे कापताना

पाळीव सशाला एकूण 18 नखे असतात: पुढच्या दोन्ही पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पुढच्या पायाचे पाचवे नख आतल्या बाजूला, थोडे वर, केसांत दडलेले असते. हमखास राहून जाते ते हेच. मग ते वाढत जाऊन वळते. पाळीव सशांचा पूर्वज असलेला युरोपातला रानससा बिळे खोदतो, त्यात त्याची नखे झिजतात. फ्लॅटच्या गुळगुळीत फरशीवर झिजायला वावच नसतो, म्हणून साधारण चार ते सहा आठवड्यांनी ती कापावी लागतात.

सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते दाट केस असतात. नखे लांबली की बोटे वर उचलली जातात आणि भार मागे टाचेवर पडतो. तिथले केस जाऊन कातडी सोलवटते, आणि ही जखम भरायला फार चिवट असते. शिवाय लांब नख सतरंजीच्या धाग्यात अडकून मुळातून उपटण्याची भीती राहते.

नखे कापायची म्हटले की पाळणाऱ्यांना धास्ती असते ती रक्ताची. खरे तर काळजी करायची ती कण्याची. सशाचा सांगाडा फार हलका, वजनाच्या सात-आठ टक्केच. मांजराचा बारा-तेरा टक्के असतो. मागच्या पायांचे स्नायू मात्र जबरदस्त. अधांतरी धरलेल्या सशाने मागचे पाय जोरात झाडले, तर त्याच झटक्याने त्याच्या कमरेचा मणका मोडू शकतो. त्यामुळे त्याला कानांना धरून उचलणे तर दूरच, मागचा भाग लोंबकळूही देऊ नये. जमिनीवर किंवा न घसरणाऱ्या टेबलावर बसवावे, जाड टॉवेलात सैलसर गुंडाळावे आणि एकेक पाय बाहेर काढावा. एकाने धरायचे, दुसऱ्याने कापायचे. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरकावे, कारण सशाला उकाडा सोसत नाही. उताणा केलेला ससा निपचित पडतो आणि व्हिडिओंमधून ही युक्ती कौतुकाने दाखवली जाते. पण तो शांत झालेला नसतो, शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यासारखा भीतीने थिजलेला असतो. ती टाळलेलीच बरी.

मांजरांसाठी मिळणारी छोटी कात्री पुरते. धार मात्र चांगली हवी. बोथट पात्याने नख कापले न जाता चेचले जाते. पायावरचे केस पाण्याने जरा ओले केले की नख उघडे पडते. पांढऱ्या नखात गुलाबी रेघ दिसते. तिथे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. तिच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर सोडून कापावे. काळ्या नखामागे मोबाइलचा टॉर्च धरला तर सावली दिसते. तीही दिसली नाही तर नुसते टोक उडवावे. कात्री लावून आधी हलकेच दाबून पाहावे. सशाने पाय ओढून घेतला तर थोडे पुढे सरकावे. फार वाढलेल्या नखात रक्तवाहिनीही लांबलेली असते. अशा वेळी दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडे थोडे कापत गेल्यास ती हळूहळू मागे हटते. अठराही नखे एका बैठकीत संपवायचा हट्ट नको.

एवढे करूनही कधी रक्त येतेच. पांढऱ्या केसांवर दोन थेंबही भयंकर दिसतात, पण निरोगी सशाला त्याने धोका नसतो. स्वच्छ कापूस किंवा गॉज नखाच्या टोकावर दाबून धरावा, चार-पाच मिनिटे, मध्ये उचलून न पाहता. धरू लागलेली गुठळी त्या पाहण्यानेच निघते. थांबले नाही तर प्राण्यांच्या दुकानात मिळणारी स्टिप्टिक पावडर लावावी. ती नसेल तर दाढीनंतर लावतात त्या तुरटीची पूड चालते. दोन्ही थोड्या झोंबतात. काहीच हाताशी नसेल तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरावी. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा माणसांची मलमे लावू नयेत, कारण ससा पाय चाटतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत.

रक्त थांबल्यावर काही तास भुशाऐवजी स्वच्छ सुती कापडावर ठेवावे, म्हणजे जखमेत कण जात नाहीत आणि पुन्हा रक्त आले तर डाग दिसतो. पावसाळ्यात माशांपासून विशेष जपावे. ओल्या, घाण झालेल्या केसांत त्या अंडी घालतात आणि अळ्या लवकर पडतात.

दहा-पंधरा मिनिटे दाबूनही रक्त वाहत राहिले, नख मुळातून उपटले किंवा बोट सुजले तर पशुवैद्याकडे न्यावे. नखे कापल्यानंतर सशाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तरीही न्यायचेच: भीतीने आणि वेदनेने त्याचे आतडे मंदावते, आणि सशाच्या बाबतीत ते नखाच्या जखमेपेक्षा कितीतरी गंभीर असते.